राजदूतचं मागचं चाक

चाक फिरलं नाही, एवढंच झालं. पार्किंगची फरशी रंगवायची म्हणून रविवारी सकाळी मोशीच्या त्या सोसायटीत ज्याने त्याने आपापली गाडी बाहेर काढली. स्वरूपाने आपल्या वडिलांची, अप्पांची, जुनी राजदूत मोटरसायकल साइड स्टँड वर करून रेटली, तेव्हा पुढचं चाक निमूट फिरलं, मागचं मात्र फरशीवर खरवडत गेलं आणि त्याच्यामागे एक काळी रेघ उमटली. रेटण्याआधी तिने ब्रेकच्या पेडलला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडून कुडत्याच्या खिशात टाकली होती, दार उघडल्यावर कडी सोडून द्यावी इतक्या सहज. पुन्हा रेटल्यावर रेघ वीतभर लांबली. सोसायटीचे चेअरमन दौलतराव रंगाच्या डब्यांपाशी उभे होते. ते म्हणाले, "अहो वहिनी, ही गाडी आहे का खांब? खांब असंल तर राहू द्या, भोवतीनं रंगवून घेतो." दोघं-तिघं हसले. स्वरूपाचा नवरा निरंजन आपली स्कूटर बाहेर लावून परत आला, वाकला, हाताने चाक ओढून पाहिलं आणि म्हणाला, "ब्रेक जाम झालाय. आत ग्रीसच नसणार. शेवटचं उघडलं तेव्हा लावायचं विसरले असतील अप्पा." त्याच्या आवाजात राग नव्हता. हल्ली अप्पांविषयी बोलताना त्याच्या आवाजात राग नसायचाच, आणि स्वरूपाला त्याचंच भय वाटायचं. लिफ्टशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या अप्पांनी ते ऐकलं. ते आधी गाडीकडे आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "राह्यलं असंल," ते म्हणाले. "माझा काय भरवसा हाय आता."

'भरवसा नाही' हे शब्द त्यांचे नव्हते. ते घरात तयार झाले होते, जेवणाच्या टेबलावर, दबक्या आवाजात, अप्पा आत झोपले आहेत असं समजून. कासारवाडीची खोली सोडून अप्पा लेकीकडे राहायला आले ते आई गेल्यावर. जावयाच्या घरी राहणं त्यांच्या पिढीला जड जातं. औसा तालुक्यातला माणूस, पोट भरायला इकडे आला, एका कंपनीत फिटर म्हणून उभं आयुष्य काढलं; पाहुण्यासारखं एका कडेला बसायची सवय त्यांना नव्हती, ती त्यांनी मुद्दाम लावून घेतली. मग एकदा तळवड्याच्या बाजूला ते रस्ता चुकले आणि एका टपरीवाल्याने फोन करून निरंजनला बोलावून घेतलं. ते खरं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, तेही खरं होतं. आई आहे असं समजून त्यांनी एका संध्याकाळी दोन कप चहा मागितला, त्यानंतर स्वरूपा बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिली होती. निरंजनने राजदूतची किल्ली कपाटात ठेवली. आणि मग गॅसची ती सकाळ झाली. गॅसनंतर निरंजन राजगुरुनगरच्या अलीकडे असलेलं वृद्धांचं एक केंद्र बघून आला. चांगलं आहे म्हणाला, माणसं बोलायला आहेत, डॉक्टर येतो, मोकळी हवा आहे. तू एकदा बघून ये, म्हणाला. स्वरूपाच्या कंपनीत तेव्हा ऑडिट होतं. ऑडिट संपल्यावरही ती गेली नाही. आपण पाहिलेलं नाही, तोवर ते ठरलेलं नाही, असं काहीतरी तिच्या मनात होतं. पण ठरलं होतं. उद्या सकाळी अप्पांना घेऊन जायचं होतं. बॅग भरून झाली होती. अप्पांनी स्वतःच भरली होती, बनियनच्या घड्या एकावर एक, कडा जुळवून.

"चौघं मिळून उचलू आणि कडेला ठेवू," निरंजन म्हणाला. "मेकॅनिकचं नंतर बघता येईल."

"नाही," स्वरूपा म्हणाली. "आत्ता उघडू या."

आपण असं का म्हणालो हे तिला कळलं नाही. खिशातली पट्टी तिच्या मांडीला लागत होती. महाळुंग्याच्या ज्या कारखान्यात ती क्वालिटीला होती, तिथे गाड्यांचे ब्रेकच बनायचे. गिऱ्हाइकाकडून एखादा भाग परत आला की चार माणसं टेबलाभोवती बसायची आणि 'का' विचारत खाली खाली उतरायची. भाग का तुटला, भेग का पडली, भट्टीचं तापमान का घसरलं. नवीन पोरं घाईला येऊन तिसऱ्या पायरीवरच 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं सांगून मोकळी व्हायची आणि स्वरूपा त्यांना परत पाठवायची. माणूस हे कारण नसतं, ती म्हणायची, माणसाच्या पुढे अजून एक 'का' असतो, तो शोधून आणा. हे ती इतक्यांदा म्हणाली होती की पोरं चहाच्या वेळी तिच्या आवाजात ते म्हणून दाखवायची. आणि घरी, कितीतरी महिने, प्रत्येक 'का' अप्पांपाशी येऊन थांबत होता आणि तिने एकदाही कुणाला परत पाठवलं नव्हतं.

दौलतराव, निरंजन आणि रंगाऱ्यांतला एक जण यांनी मागची बाजू उचलली, स्वरूपाने हँडल धरलं आणि गाडी पाण्याच्या टाकीशेजारी, भिंतीच्या सावलीत मधल्या स्टँडवर उभी केली. अप्पांची पत्र्याची पेटी निरंजन खाली घेऊन आला. पेटी उघडल्यावर आला तो ग्रीस, रॉकेल आणि लोखंड यांचा वास. लहानपणी अप्पा सेकंड शिफ्टहून आले की दाराआधी हाच वास आत यायचा, आणि आई झोपेतच म्हणायची, आले. अप्पा खुर्ची ओढून जवळ आले. हात लावावा की नाही या विचारात ते जरा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "आधी मागची नट ढिली कर. ब्रेकच्या रॉडच्या शेवटाला हाय ती. उगं चाक काढायची घाई करू नको, माय. ताणल्यामुळं अडकलं असंल तर एवढ्यातच मोकळं व्हतं."

तिने नट सोडली. चाक जागचं हललं नाही.

"आता त्या रॉडला जोडलेली दांडी हातानं हलव. व्हय, तीच. हलायली का?"

दांडी हलत होती, पुढे-मागे, लोण्यातून सुरी फिरावी तशी. अप्पांनी स्वतः हात घालून ती हलवून पाहिली. त्यांच्या कपाळावरची शीर किंचित फुगली. "ग्रीस नसतं तर ही दांडी हाललीच नसती," ते हळू म्हणाले. "आतला कॅम, ब्रेक दाबणारा, मोकळा हाय. अडकलंय ते त्याच्या पल्याड." आणि लगेच स्वतःलाच थोपवल्यासारखं, "का तसं न्हाई? जाम असताना बी हालतीया का? मला आता न्हाई सांगता येत." त्यांनी निरंजनकडे पाहिलं, उत्तर बरोबर आलं का हे विचारणाऱ्या पोरासारखं. निरंजन म्हणाला, "असेल अप्पा, असेल." स्वरूपाने मान खाली घालून ॲक्सलच्या नटला पाना लावला. दांडी मोकळी आहे हे तिलाही कळलं होतं, आणि त्याच्यापुढचा 'का' काय आहे, तेही तिच्या अंगाला कळू लागलं होतं. अजून शब्दांत नव्हतं, पण दुधावर साय धरावी तसं काहीतरी जमत होतं.

दर दसऱ्याला ती ही गाडी धुवायची. कंपनीत खंडेनवमीला मशिनी पुसून झेंडूच्या माळा घालतात, तसंच घरी येऊन. पाइप लावून, चाकाच्या आत-बाहेर, तारांमध्ये, मधल्या हबवर पाणी मारायचं, हळद-कुंकू वाहायचं, माळ घालायची, अप्पांना गाडीशेजारी उभं करून फोटो काढायचा. फोटो लातूरकडच्या सगळ्या नातेवाइकांना जायचा. "अप्पांची लक्ष्मी", असं ती खाली लिहायची. आणि मग गाडी परत आपल्या जागेवर. ती जागा उताराची, गाडी पुढे सरकायची, म्हणून पेडल दाबून ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधायचं. हे तिने अप्पांकडूनच पाहिलं होतं. कासारवाडीहून सामान हलवलं त्या दिवशी टेम्पोत गाडी चढवल्यावर अप्पांनी पेडल असंच बांधलं होतं, आणि मोशीला पोचल्याबरोबर, सामान उतरायच्या आधी, सोडलं होतं. त्यातलं बांधणं तेवढं तिच्या लक्षात राहिलं. ओल्या ब्रेकवर पेडल दाबून दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. कारखान्यात एखाद्या पोराने असं केलं असतं तर तिने त्याला काय काय सुनावलं असतं.

चाक निघालं, पण ब्रेकची थाळी ड्रममधून सुटेना. आतल्या ब्रेकशूवरचे लायनर ड्रमला चिकटून बसले होते. निरंजन गंज सोडवायचा स्प्रे घेऊन आला, तसा अप्पांचा हात एकदम पुढे आला. "तेल न्हाई! लायनरनं तेल पिलं की ब्रेक मेला म्हणून समजा, निरंजनराव. मग चाक फिरंल, पण थांबायचं न्हाई." त्या आवाजाने दौलतरावांनीही वळून पाहिलं. "गरम पाणी आणा. उकळतं. ड्रम तापून फुगला की आपुआप सोडतंय."

"चिमाजीराव, आंघोळ घालताय की काय गाडीला?" दौलतराव अप्पांना म्हणाले.

"तुमी रंग द्या, दौलतराव. ब्रश उलटा धरलाय त्या पोरानं, तिकडं बघा."

रंगारी खरंच हसला आणि ब्रश बघू लागला. स्वरूपा पाणी आणायला वर गेली.

ओट्यासमोर उभं राहिल्यावर तिचा हात गॅसच्या बटणावर थांबला. रोजच थांबायचा. त्या सकाळी तिला फर्स्ट शिफ्ट होती, कंपनीची बस चुकत होती, तिने दूध बारीक आचेवर ठेवलं आणि वेणी घालता घालता फोनवर कुणाशीतरी एका रिजेक्ट लॉटबद्दल बोलत राहिली. बोलतच चप्पल घातली, दार ओढून घेतलं. दूध उतू जाऊन आच विझली असणार. बस चाकण चौकाच्या गर्दीत उभी असताना तिला दुधाचं पातेलं डोळ्यांपुढे आलं, आणि त्याच क्षणी निरंजनचा फोन आला. तो नाइटहून नुकताच घरी पोचला होता. "घरभर गॅस होता. तुझ्या अप्पांनी आज सगळ्यांना उडवलंच असतं. खिडक्या उघडून बसलेत. विचारलं तर म्हणतात, मी बंद केला, मी बंद केला." बसमध्ये शेजारची बाई डबा उघडून लिंबाचं लोणचं चाटत होती. स्वरूपाला तो वास अजून आठवत होता. अप्पांनी बंद केला होता, म्हणजे अप्पांनीच वाचवलं होतं. तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "बाप रे." त्यात खोटं काहीच नव्हतं. संध्याकाळी सांगू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी अप्पा टेबलाशी बसले होते, आणि तिने काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "सकाळी चहा करून मीच तसाच ठिवला असंल गं, माय. आठवत न्हाई. पण दुसरं कोण ठिवणार?" ओट्यावरचं दूध त्यांनीच पुसून काढलं होतं, पुसलेलं तेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. निरंजनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात इतकी माया होती की ती मोडायला तिच्यापाशी जोर उरला नाही. मग दुसरा दिवस आला, मग आठवडा आला, आणि जे एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला आता एवढ्या दिवसांच्या गप्प राहण्याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. पाण्याला उकळी फुटली. तिने बटण बंद केलं. पुन्हा बघितलं. रेग्युलेटरही बंद केला.

पाणी हबवर ओतल्यावर लोखंडाचा आणि जुन्या मातीचा वास उठला. अप्पांनी लाकडाचा ठोकळा ड्रमच्या कडेला धरला आणि हातोडीने हलके हलके, गोल फिरत, ठोकायला सुरुवात केली. त्यांचे हात चहाचा कप धरताना थरथरायचे. ठोकताना थरथरत नव्हते. निरंजन चाक धरून बसला होता आणि तो अप्पांच्या हातांकडे पाहतोय हे स्वरूपाला दिसलं. कट् असा आवाज झाला. थाळी सुटली. अप्पांनी ती उचलून बाजूला ठेवली, ड्रम उन्हाकडे कलता केला आणि आत बोट फिरवलं. ड्रमच्या आतल्या भिंतीवर सगळीकडे पातळ तांबूस गंज होता, आणि दोन ठिकाणी, समोरासमोर, दाट काळे ठसे, हुबेहूब ब्रेकशूच्या आकाराचे.

अप्पा ते किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्यांनी थाळीवरचा कॅम अंगठ्याने फिरवला. त्याच्या खोबणीत ग्रीस होतं, पिवळं, जितकं हवं तितकंच.

"ग्रीस हाय," ते म्हणाले.

निरंजनने पुढे वाकून खोबणीत पाहिलं.

"ग्रीस हाय की," ते पुन्हा म्हणाले. "ब्रेक सोडलेला असला की लायनर ड्रमला टेकतच न्हाई. इथं टेकून बसलंय, तेबी ओलं. पेडल दाबून ठिवलं व्हतं कुणीतरी. लई दिवस." ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर नुकताच आलेला उजेड तिच्या डोळ्यांदेखत मावळत गेला. "कुणीतरी म्हंजे काय, मीच बांधलं असंल. टेम्पोत बांधलं व्हतं, ते सोडायचं ऱ्हायलं असंल." त्यांनी हात फडक्याला पुसले. "बघा निरंजनराव. फिरून तिथंच."

स्वरूपाने खिशातून पट्टी काढली. ट्यूबची पट्टी, टोकाला गाठीची सुरकुती पडलेली. "टेम्पोतलं तुम्ही सोडलं होतं अप्पा, त्याच दिवशी," ती म्हणाली. "हे मी बांधलेलं. दसऱ्याला धुतली आणि बांधली. दरवर्षी बांधते. मघाशी सोडून खिशात घातली."

आपला आवाज तिला सपाट वाटला, रिपोर्ट वाचल्यासारखा. निरंजन तिच्याकडे बघत राहिला. अप्पांनी पट्टी हातात घेतली, ताणून पाहिली, आणि मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. "अगं येडे! ब्रेकच्या कंपनीत तू क्वालिटीला हायस का वाचमन?" डोळ्यांतलं पाणी त्यांनी मनगटाने पुसलं, गालावर काळी रेघ ओढली गेली. "दौलतराव! ओ दौलतराव! ऐकलं का? माझं ग्रीस बरुबर व्हतं! पोरीनं पेडल बांधलं व्हतं!"

"साहेबीण कोण आहे मग घरात, कळलं आम्हाला," दौलतराव लांबूनच म्हणाले.

सांगणं इतकं सोपं होतं, याचंच तिला भय वाटलं. एक वाक्य बोललं, आणि पाठोपाठ हसू आलं. मग दुसरंही. त्याला तरी किती वेळ लागला असता. पुढचा तासभर ती ते दुसरं वाक्य मनात जुळवत राहिली आणि हात काम करत राहिले. तिने पॉलिश पेपरने ड्रम घासला, लायनर घासले, अप्पांनी सांगितलं तसे ते उन्हात वाळवले. निरंजन तिच्याजवळ बसून स्प्रिंग पुसत होता. मधेच तो हळू आवाजात म्हणाला, "मी उगाच बोललो सकाळी. अप्पांना ते लागलं असेल." ती म्हणाली, "हं." तो म्हणाला, "पण उद्याचं... नुसत्या ब्रेकवरून काही ठरलं नव्हतं गं." ती म्हणाली, "माहीत आहे." कागद खरखरत होता. निरंजन, गॅस मी ठेवला होता. एवढंच म्हणायचं. निरंजन, त्या दिवशीचा गॅस. त्या दिवशी सकाळी दूध. शब्द तिने किती प्रकारांनी मांडून पाहिले, प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी निरंजनचा तो हात अप्पांच्या खांद्यावर होता, आणि त्या हातामागे राजगुरुनगरच्या रस्त्याने त्याने एकट्याने घातलेली फेरी, आणि त्याच्याही मागे तिच्या मनातली एक गोष्ट, जिच्याकडे ती बघत नव्हती: की केंद्राचं नाव निघालं तेव्हा, पहिल्या क्षणी, तिला हलकं वाटलं होतं.

ऊन टाकीवरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा चाक पुन्हा बसलं. अप्पा जमिनीवर मांडी घालून रॉडच्या नटपाशी बसले. "पेडल दाब," ते म्हणाले. तिने पाय ठेवला. "सोड." निरंजनने चाक फिरवलं, ते सरसरून फिरलं. "दाब." चाक थांबलं. अप्पांनी नट अर्धा आटा आवळली. "सोड." चाक फिरत होतं, तारांचा आवाज होत होता, आणि अप्पा त्या आवाजाकडे कान देऊन, मान तिरकी करून, डोळे मिटून बसले होते. मग समाधानाने पाना पेटीत ठेवत ते म्हणाले, "झालं. निरंजनराव, एक सांगतो. ब्रेकचं माझ्याकडनं नव्हतं, ते आज सगळ्यांम्होरं कळलं, बरं वाटलं. पण गॅसचं व्हतं. ते मी कबूल करतो. उद्या मला नेताय त्याचा राग न्हाई माझ्या मनात. घरात माणसं असताना असा माणूस घरात ठिवूच नये."

"असू द्या हो अप्पा," निरंजन म्हणाला. त्याने पेटीचं झाकण लावलं.

चाक अजून फिरत होतं, आता हळू. स्वरूपाने तोंड उघडलं. अप्पा गुडघ्यावर हात देऊन उठत होते, तिने त्यांना दंडाला धरून उठवलं, आणि उभं राहून श्वास घेतल्यावर त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, अगदी साध्या चौकशीच्या आवाजात, "तिथं गाडी लावायला सपाट जागा हाय का गं, माय? म्हंजे बांधायचं कामच पडायचं न्हाई."

"आहे," स्वरूपा म्हणाली. "मोठं अंगण आहे. सपाट आहे."

अप्पांनी मान हलवली. निरंजनने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो पेटी उचलून लिफ्टकडे निघाला. ती जागा तिने पाहिलेली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.